अरेषीय प्रकाशिकीचे सेंद्रिय एकस्फटिक

तीव्र लेसर किरण काही स्फटिकांतून गेला की त्याची कंप्रता दुप्पट होते, म्हणजे रंगच बदलतो; अशा परिणामांचा अभ्यास म्हणजे अरेषीय प्रकाशिकी. या गुणासाठी मुद्दाम वाढवलेला, सेंद्रिय रेणूंच्या अखंड मांडणीचा स्फटिक म्हणजे हा एकस्फटिक. परिणाम प्रथम दिसला तो क्वार्ट्झमध्ये, १९६१ साली मिशिगन विद्यापीठात: पीटर फ्रँकेन व सहकाऱ्यांना ६९४ नॅनोमीटरच्या लाल किरणातून ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळाला.

अट एकच, पण कडक: स्फटिकाला सममिती केंद्र, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना उलट दिशेने तीच रचना सापडते असा बिंदू, नसावे. रायबंदरच्या मिठागरात उन्हाने धरलेला मिठाचा चौकोनी खडा कितीही स्वच्छ असला तरी इथे बाद, कारण त्याच्या जालकाला, म्हणजे अणूंच्या मांडणीला, असे केंद्र असते. दोऱ्यावर धरलेली खडीसाखर मात्र चालते. पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिनचा सुटा रेणू या परिणामात चांगला जोरकस, पण स्फटिकात रेणू जोडीजोडीने उलटसुलट बसतात आणि सगळे शून्यावर येते. त्यालाच एक मिथिल गट योग्य जागी जोडला की मांडणी बदलते आणि स्फटिक कामाचा होतो.

वाढवण्याची नेहमीची रीत म्हणजे सावकाश बाष्पीभवन. संपृक्त द्रावण गाळून चंचुपात्रात ओततात, तोंडावर टाचणीने भोके पाडलेला कागद बांधतात आणि भांडे हलणार नाही अशा जागी ठेवतात. धुळीचा कण पडला तर तळाशी बारीक खड्यांचा चुरा जमतो. एखादा नितळ खडा निवडून तो नायलॉनच्या धाग्याने नव्या द्रावणात टांगला की तोच बीजस्फटिक. गोव्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाण्यातली द्रावणे उघड्यावर आटता आटत नाहीत. तेव्हा स्थिर तापमानाच्या जलकुंडात द्रावण हळूहळू थंड करणे बरे.

परीक्षणात कुर्ट्झ-पेरी चूर्ण चाचणी (१९६८) करतात: १०६४ नॅनोमीटरच्या किरणाने चूर्णातून हिरवा प्रकाश किती निघतो, हे यूरियाशी ताडून पाहतात. ती चाळणी आहे, दाखला नव्हे. कणांचा आकार बदलला की आकडाही बदलतो. काठिण्य, पारदर्शकता, उष्णतेतले स्थैर्य हे पुढचे.

त्याआधी स्फटिक नेमका कशाचा, ते एक्स-किरण विवर्तनाने, म्हणजे स्फटिकातून एक्स-किरण कसे विखुरतात ते पाहून, ठरवावे लागते. इथेच पुष्कळजण घसरतात. भांड्यात दोन पदार्थ घातले म्हणजे दोन्ही स्फटिकात उतरले, असे होत नाही. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठातून अशा दाव्यांची फेरतपासणी झाली आहे. ‘थायोयूरिया यूरिया झिंक सल्फेट’ या नावाने गाजलेला अर्धसेंद्रिय (सेंद्रिय रेणू आणि धातूचा क्षार मिळून झालेला) स्फटिक तपासल्यावर जुनाच, तीन थायोयूरियांचा झिंक सल्फेट निघाला. यूरिया द्रावणातच राहिला होता.