सरदेसाई, दिलीप नारायण
(८ ऑगस्ट १९४०–२ जुलै २००७). गोव्यात जन्मलेले भारताचे पहिले कसोटी क्रिकेटपटू. जन्म पोर्तुगीज अमलाखालील मडगावात. मडगाव ज्या सासष्टी तालुक्यात येते, तिथे चलती फुटबॉलची. टर्फच्या (नैसर्गिक गवताच्या) खेळपट्टीवर खेळायची सोय तिथे नव्हती. १९५७ मध्ये कुटुंब मुंबईला आले आणि विल्सन महाविद्यालयात असताना त्यांची फलंदाजी नावारूपाला आली. १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ४३५ धावा काढल्या. १ डिसेंबर १९६१ रोजी इंग्लंडविरुद्ध कानपूरला त्यांची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा गोवामुक्तीला १८ दिवस अवकाश होता. गोव्याच्या आधी गोवेकर भारतात सामील झाला, असे म्हणायला हरकत नाही.

फिरकी ते उत्तम खेळत. मार्च १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत भारत ८८ धावांत गारद झाला आणि फॉलोऑन मिळाला, म्हणजे मोठ्या पिछाडीमुळे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावे लागले. त्यानंतर सरदेसाईंनी नाबाद २०० धावा करून सामना वाचवला.

तरीही त्यांची खरी ओळख १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा. किंग्स्टनला भारताची अवस्था ५ बाद ७५. तिथून एकनाथ सोलकरांबरोबर १३७ धावांची भागीदारी करत त्यांनी २१२ धावा काढल्या. परदेशात भारतीयाचे हे पहिले कसोटी द्विशतक. पहिला दिवस पावसात गेल्याने फॉलोऑनसाठी १५० धावांची आघाडी पुरेशी होती. भारताचे कर्णधार अजित वाडेकरांनी तो लादला, तेव्हा वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्सलाही आश्चर्य वाटले. पोर्ट ऑफ स्पेनला ११२ धावा, आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय. ब्रिजटाउनला ६ बाद ७० वरून पुन्हा सोलकरांसोबत किल्ला लढवत १५०. मालिकेत एकूण ६४२ धावा. गावसकरांच्या ७७४ धावांच्या झगमगाटात त्या झाकल्या गेल्या, हे मात्र अन्यायाचे. त्याच वर्षी इंग्लंडविरुद्धच्या ओव्हलच्या विजयातही ५४ आणि ४० असा त्यांचा वाटा होता.

३० कसोटींत ५ शतकांसह २,००१ धावा, सरासरी ३९.२३. भारताचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. शेवटची कसोटी डिसेंबर १९७२ मध्ये दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध. मुंबईकडून खेळताना रणजी करंडकात पराभव त्यांनी कधी पाहिलाच नाही.

गोव्याचा स्वतःचा रणजी संघ १९८५-८६ मध्ये उतरला. सरदेसाई निवृत्त होऊन तोवर एक तप उलटले होते.