सुटून आलेल्या माणसाला काम कोण देतं?

इमारतीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणजे शहरात सहज मिळणारी नोकरी, असं आपण धरून चालतो. जेलमधून सुटलेल्या माणसाला मात्र ती कायद्यानेच बंद आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने 2005 साली कायदा केला. त्याच्या कलम 10 नुसार न्यायालयाने दोषी ठरवलेल्या कुणालाही सुरक्षारक्षक किंवा सुपरवायझर म्हणून ठेवता येत नाही. गुन्हा कुठला, शिक्षा किती, त्याला किती वर्षं लोटली, यातलं काही विचारलेलंच नाही. याच्या शेजारी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 8 ठेवून बघा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस सुटल्यावर सहा वर्षं थांबला की पुन्हा निवडणुकीला उभा राहू शकतो. आमदार व्हायला मुदत आहे, आमदाराच्या बंगल्यावर एजन्सीचा वॉचमन व्हायला नाही.

या विसंगतीची मुळं जुनी आहेत. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि 1911 च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. एखाद्या जमातीत जन्मलात की नाव नोंदवहीत, आणि पोलिसांपुढे हजेरी. सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथले लोक गिरणीत कामाला जायचे आणि हजेरीला परत यायचे. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. तो दिवस भटके-विमुक्त आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आणला आणि नोंदवही नव्या नावाने चालू राहिली. चोरी झाली की पोलीस आधी पारधी वस्तीवर जातात, ही सवय तर कुठल्याच कायद्याने गेली नाही.

त्याच काळात, आणि याच मुलखात, अगदी उलटा विचारही झाला होता. औंध हे साताऱ्याकडचं छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला; त्या घटनेच्या मागे गांधीजींचा सल्ला होता. संस्थानात मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनिअर येऊन राहिले होते, लोक त्यांना स्वामी भारतानंद म्हणत. त्यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. ना भिंत, ना कुंपण. कैद्याने बायकामुलांसह तिथे राहायचं, जमीन कसायची, पिकवलेलं विकायचं. माणदेशातली ती जमीन. पाऊस तिथे नावालाच. पण मुद्दा पिकाचा नव्हताच. सुटायच्या दिवशी माणूस बाजारात ओळखीचा झालेला असावा, त्याचं घर मोडलेलं नसावं, हा होता. बाकी सगळीकडे आधी शिक्षा आणि मग जमलं तर पुनर्वसन. इथे दोन्ही एकाच वेळी.

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. गदिमांचं माडगूळ गाव आटपाडी तालुक्यातलंच. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनला बक्षीस मिळालं, आणि स्वतंत्रपूर राज्याच्या कारागृह खात्याकडे आजही आहे. गाणी मात्र सगळ्यांना पाठ आणि वसाहत कुणाला ठाऊक नाही, हे आपल्याकडचं नेहमीचंच.

कायद्याच्या बाजूने एक खिडकी 1938 साली उघडली होती, मुंबई प्रांताच्या परिवीक्षा कायद्याने. पुढे 1958 ला तो देशभरासाठी आला. पहिला गुन्हा, फार गंभीर नसलेला, तर तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडायचं. त्याच्या कलम 12 मध्ये म्हटलंय की असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. वाचायला छान. पण न्यायालयांनी पुढे स्पष्ट केलं की दोष पुसला जात नाही, आणि सरकारी नोकराच्या वर्तनाबद्दल खातं त्याला तरीही काढू शकतं.

खरी अडचण होते ती कागदावर. सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना भरून घेतात : कधी अटक झाली होती काय, खटला चालला काय, शिक्षा झाली काय. 'होय' लिहिलं तर नोकरी मिळत नाही, 'नाही' लिहिलं तर माहिती लपवली म्हणून मिळालेली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, विशीतल्या चुकीसाठी माणसाला जन्मभराचा गुन्हेगार ठरवू नये, असं मत दिलं. 2016 च्या अवतार सिंग निकालात त्रिसदस्यीय पीठाने सूत्रं घालून दिली : क्षुल्लक प्रकरण असेल तर मालकाला लपवाछपवीकडे दुर्लक्ष करता येईल, गंभीर असेल तर कामावरून काढता येईल. क्षुल्लक काय, हे मात्र बरंचसं मालकानेच ठरवायचं. मालक कशाला डोक्याला ताप करून घेईल? दुसऱ्या उमेदवाराचे अर्ज टेबलावर पडलेलेच असतात.

खासगीत आता पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. रिक्षाच्या बॅजलाही लागतो. येरवड्याला सुतारकाम, विणकाम शिकवतात, नाशिकरोडला कैद्यांनी घडवलेले गणपती लोक हौसेने विकत घेतात. पण बाहेर आल्यावर कारखान्यात 'काम कुठे शिकलास' असं विचारलं की गडी अडकलाच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' 1990 पासून सुटलेल्यांना काम मिळवून द्यायला धडपडतोय. त्यातला मोठा भाग आधार कार्ड, राहायची जागा आणि मालकाशी बोलणी, असा किचकट असतो.

ब्रिटनने 1974 मध्येच कायदा करून ठरवलं की बऱ्याचशा शिक्षा ठरावीक वर्षांनी जुन्या धरायच्या, मग बहुतेक मालकांना त्या सांगायची गरज नाही. आपल्याकडे असं संरक्षण अल्पवयीनांना आहे : 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 अपात्रता काढतं आणि नोंद नष्ट करायला सांगतं, गंभीर गुन्ह्यातले काही सोळा वर्षांवरचे वगळून. अठरा पूर्ण झाली की हे दार बंद. 1 जुलै 2024 पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि त्यातल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही नवी शिक्षा आणली. भोगून झालेली शिक्षा किती वर्षांनी जुनी धरायची, याबद्दल तिन्ही नव्या कायद्यांत एक ओळ नाही.