बुरीराम: ज्वालामुखीच्या डोक्यावरचं शिवमंदिर

थायलंड म्हटलं की आपल्याकडे बँकॉक, पट्टाया, फुकेत एवढंच डोळ्यासमोर येतं, पण ईशान्येला कंबोडियाच्या सीमेला लागून बुरीराम नावाचा प्रांत आहे आणि त्याचं नाव ऐकूनच आपलेपणा वाटतो, कारण बुरी म्हणजे आपलं पुरी आणि राम म्हणजे रम्य. रामाशी संबंध नाही त्याचा.

हा सगळा खोरातच्या पठाराचा भाग, खाली वालुकाश्म, वर सपाट भातशेती आणि मधेच एकट्या उभ्या टेकड्या. या टेकड्या म्हणजे विझलेले ज्वालामुखी. त्यातली फनोम रुंग समुद्रसपाटीपासून साधारण 380 मीटर उंच, तिचा लाव्हा सुमारे 9 लाख वर्षांपूर्वीचा. एवढ्या सपाट मुलखात अशी टेकडी दिसली की ख्मेर लोकांना (म्हणजे कंबोडियातल्या लोकांना) तिच्यात कैलास दिसला यात नवल ते काय! 10व्या ते 13व्या शतकात त्यांनी माथ्यावर शंकराचं मंदिर उभं केलं, मुख्य गाभारा 12व्या शतकातला, नरेंद्रादित्याच्या काळातला, आणि हा अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मनचा नातेवाईक. गंमत म्हणजे टेकडी बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाची, पण मंदिर गुलाबीसर वालुकाश्माचं, कारण बेसॉल्ट कोरायला फार चिवट (म्हणून तर वेरूळच्या कैलासाचं जास्तच कौतुक वाटतं), वालुकाश्मात मात्र नाजूक नक्षी पटकन उतरते.

आता खरी कमाल. मंदिराचे 15 दरवाजे एका सरळ रेषेत आहेत आणि एप्रिलच्या सुरुवातीला, साधारण 3 ते 5 तारखेला, उगवता सूर्य या सगळ्या दारांतून आरपार दिसतो. मंदिराचं तोंड बरोबर पूर्वेला असतं तर हे 21 मार्चच्या आसपास झालं असतं, पण ते साडेपाच अंश उत्तरेला कललेलं आहे, म्हणून सूर्य विषुववृत्त ओलांडून तेवढा उत्तरेला सरकेपर्यंत दोन आठवडे जातात. परत दक्षिणेकडे जाताना तो 8 ते 10 सप्टेंबरला तिथेच उगवतो. आणि त्याच रेषेचं मागचं टोक पश्चिमेपासून तेवढंच दक्षिणेला येतं, त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास मावळता सूर्यही असाच आरपार दिसतो. म्हणजे एका कलामुळे वर्षातून चार वेळा! गाभाऱ्यातल्या शिवलिंगावर तो लालसर प्रकाश पडतो तेव्हा तिथे तोबा गर्दी असते.

याच मंदिराच्या दारावरची शेषशायी विष्णूची कोरीव शिळा 1960च्या दशकात चोरीला गेली आणि पुढे थेट शिकागोच्या म्युझियममध्ये सापडली, थायलंडमध्ये लोकांनी ती परत मिळावी म्हणून जोर लावला तेव्हा कुठे 1988 मध्ये ती घरी आली. आली हे फार बरं झालं.

आणि ज्वालामुखी विझला तरी कामाला येतोच आहे. जवळच्या बान चारोएन सुक गावातल्या बायका तिथली लाल माती पाण्यात कालवून तिच्यात सूत रंगवतात, त्यातून विटकरी तपकिरी रंगाचं कापड विणतात आणि त्याला म्हणतात फा फू अक्खनी. फा म्हणजे कापड, फू म्हणजे डोंगर आणि अक्खनी म्हणजे आपला अग्नी.