पोटाचे ऑपरेशन ठरले आहे? तपासणीला येताना गोळ्यांची पिशवी सोबत आणा

हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी, आतड्याची गाठ, कारण काहीही असो, ऑपरेशनची तारीख ठरली की सर्जनची चिठ्ठी घेऊन आपण आमच्या केंद्रात येता. रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे होतो आणि रिपोर्ट हातात पडताच काउंटरवर एकच प्रश्न येतो: "सगळं नॉर्मल आहे ना? मग आता भीती नाही ना?"

या प्रश्नाला गर्दीत 'हो' म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही, म्हणून हे पत्रक.

नॉर्मल रिपोर्ट चांगलाच, पण धोक्याचा अंदाज एकट्या रिपोर्टवर बांधला जात नाही. ऑपरेशन हृदयाला झेपेल का, हे पाहण्यासाठी डॉक्टर १९९९ साली तयार झालेली सहा मुद्द्यांची यादी आजही वापरतात. ऑपरेशन मोठे आहे का (पोटाच्या पोकळीतले ऑपरेशन त्यात मोठ्यातच धरतात), हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे का, हृदय कमजोर होऊन पाय सुजणे किंवा दम लागणे असे काही झाले होते का, अंगावरून वारे गेले होते का, शुगरसाठी इन्सुलिन चालू आहे का, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा) २ च्या वर आहे का. जितकी उत्तरे 'हो', तितका धोका वाढता.

आता या सहांकडे नीट पाहा. ऑपरेशन कोणते ते सर्जनना माहीत असते. क्रिएटिनिन आम्ही रक्तातून सांगतो. उरलेली चार उत्तरे मात्र तुमच्या तोंडून किंवा जुन्या कागदांतूनच कळायची. ईसीजीत हृदयाच्या जुन्या झटक्याची खूण कधी दिसते, कधी दिसत नाही. आजी इन्सुलिन घेतात हे कोणी सांगितलेच नाही, तर यादीतला एक मुद्दा गळतो आणि अंदाज आहे त्यापेक्षा कमी निघतो. आमचे मशीन कितीही चांगले असले तरी ही चूक त्याला पकडता येत नाही.

सगळ्यांचा वेळ खाणारी चूक हीच. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" म्हटले की उत्तर येते, "काही नाही, एक बीपीची आहे बारीक." आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खोदून विचारले की घरून पिशवी येते. तिच्यात चार-पाच पाकिटे असतात आणि तारीख पुढे जाते. खानापूरच्या आतल्या गावातून गाडी करून आलेल्या माणसांना तसेच परत जावे लागते.

कोणत्या गोळ्यांमुळे असे होते? पहिली, रक्त पातळ करणारी. आपल्याकडे तिला 'हार्टची गोळी' म्हणतात. पुष्कळदा ती कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत एकाच कॅप्सूलमध्ये असते, त्यामुळे घरच्यांना ती फक्त कोलेस्टेरॉलचीच वाटते. क्लोपिडोग्रेल असेल तर मोठ्या ऑपरेशनआधी साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवतात. वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवून मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासतात. दुसरी, शुगरची नवी गोळी. जिच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते ती किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण ती चालू असताना उपाशी राहून ऑपरेशन झाले तर शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात आम्ल वाढू शकते. तिसरी, स्टेरॉइड. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी ते बरेच दिवस चालू असेल तर जखम उशिरा भरते आणि ऑपरेशनमध्ये बीपी अचानक उतरू शकते. गुडघेदुखीवर कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते, म्हणून ती पुडीसुद्धा आणा. कोणी रागावणार नाही.

हे वाचून यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) असेल तर एकदम गोळी थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ते ऑपरेशनपेक्षा मोठे संकट आहे. थांबवायचे की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त पाकीट दाखवा.

आपल्या सीमाभागात हे जास्त घडते, त्याला कारण आहे. हृदयाचे डॉक्टर कोल्हापुरात, शुगरचे निपाणीत, डोळ्यांचे मिरजेत आणि ऑपरेशन बेळगावात. एक चिठ्ठी मराठीत, एक कन्नडमध्ये, बाकी घाईच्या इंग्रजीत. फाईल मुलाच्या घरी पुण्यात. म्हणून कागद सापडले नाहीत तरी चालेल, पण गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा फेकू नका. आमच्या काउंटरवर पाकिटे पाहून औषधांची यादी लिहून दिली जाते. ती रिपोर्टच्या पहिल्या पानावर जोडतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. यादी पाहिली की भूल देणाऱ्या डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

"मग टक्के सांगा," असेही काही जण म्हणतात. टक्के काढणारी सूत्रे आहेत. इंग्लंडमध्ये १९९१ साली झालेल्या 'पॉसम' पद्धतीत शरीराच्या स्थितीच्या बारा आणि ऑपरेशनच्या सहा गोष्टी मोजतात. कमी धोक्याच्या रुग्णांत ती मृत्यूचा धोका फुगवून दाखवते असे लक्षात आल्यावर पोर्ट्समथच्या डॉक्टरांनी तिची सुधारित आवृत्ती काढली. पण पाच टक्के म्हणजे तुमच्यासारख्या शंभर रुग्णांत पाच जण, ते पाच कोण हे सूत्राला कळत नाही. आकड्याचा खरा उपयोग तयारीसाठी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये तातडीच्या पोटाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिथे मृत्यूचा अंदाज पाच टक्के किंवा जास्त आला की रुग्ण जास्त धोक्याचा धरून ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात ठेवावा असे सांगितले जाते. आपल्याकडे त्याचा अर्थ असा, की ऑपरेशन तालुक्याच्या दवाखान्यात करायचे की आयसीयू असलेल्या ठिकाणी जायचे, हे आधीच ठरवता येते. म्हणून टक्के आम्ही काउंटरवर किंवा फोनवर सांगत नाही. रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ते सांगावे.

"एवढ्या तपासण्या कशाला?" याचे उत्तर थोडक्यात: डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाही ती तपासणी आम्ही वाढवत नाही. अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) लिहिलेले पाहून बरेच जण ते काढून टाका म्हणतात. ते काढू नका. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर जखम चिघळणे, टाके उसवणे, दवाखान्यात जास्त दिवस राहणे हे सगळे वाढते. दिसायला धडधाकट माणसातही ते कमी सापडते. सहा महिन्यांपूर्वीचे हिमोग्लोबिनही चालत नाही, मधल्या काळात मूळव्याधीतून रक्त जात असेल तर तो आकडा खोटाच.

ऑपरेशन तातडीचे नसेल तर हातातले दिवस वाया घालवू नका. "सुगी झाल्यावर बघू" म्हणून हर्निया पुढे ढकलता, तेव्हा निदान त्या महिन्यात तंबाखू आणि बिडी सोडा. चार आठवडे आधी धूम्रपान सोडले तरी छातीचे आणि जखमेचे त्रास कमी होतात. रक्त कमी असेल तर ते वाढवायलाही तेवढेच दिवस लागतात. तंबाखू पिकवणाऱ्या निपाणी भागातल्या मंडळींना तंबाखू सोडा म्हणून सांगणे अवघड जाते, कल्पना आहे, तरी सांगतो. मात्र हर्निया आत जायचा थांबला, ठणकू लागला, उलट्या होऊ लागल्या, किंवा पोट फळीसारखे कडक झाले, तर आमच्याकडे येऊ नका. थेट ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा. अल्सर फुटून चोवीस तास उलटले की धोका वेगळ्याच पायरीवर जातो. रक्त तिथेच काढतील.

उपाशीपोटी शुगर द्यायची असेल तर साधे पाणी चालते, चहा चालत नाही, अर्धा कपही नाही. ऑपरेशनच्या दिवशीही दुधाचा चहा जेवणातच धरतात: सहा तास आधी बंद.

सकाळी साडेसातपासून नमुने घेतो, साडेदहाच्या आत दिलेल्याचे रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी मिळतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी शहरात आणि जवळच्या गावांत माणूस घरी येतो. त्यालाही गोळ्यांची पिशवी दाखवा, तो तिथेच यादी लिहून घेईल. यादी मराठीत हवी की कन्नडमध्ये, ते नाव नोंदवताना सांगा.