बाणाचं वजन (पारंपरिक धनुर्शिकार)

पारंपरिक धनुर्शिकार म्हणजे चाकं-केबलवालं कंपाउंड सोडून साध्या लाँगबो (लांब सरळ धनुष्य) किंवा रिकर्व्हने (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) केलेली शिकार. अमेरिकेत हिचे शौकीन भरपूर आहेत, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदीच आहे त्यामुळे बाणाच्या वजनाचं हे गणित टार्गेटपुरतंच कामाचं. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, १ ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, आणि काट्यावर ठेवायचा तो अख्खा बाण, शाफ्ट (बाणाची दांडी), पिसं, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), पातं सगळं धरून.

हिशोब असतो धनुष्याच्या ताकदीच्या, म्हणजे ते ओढायला लागणाऱ्या जोराच्या, दर पाउंडामागे किती ग्रेन. ८ ते १० ही नेहमीची रेंज, शिकारीला १० किंवा थोडं वरच बरं. पण धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो, तुम्ही २७ च ओढत असाल तर ४५ चं धनुष्य तुमच्या हातात ४२-४३ च भरतं, म्हणजे १० च्या हिशोबाने बाण ४३० ग्रेनच्या आसपास हवा, जेमतेम २८ ग्रॅम.

जड का, तर हलका बाण धनुष्यातली सगळी ताकद उचलतच नाही, उरलेली धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंत (लिंब्ज) आणि हातात झटका म्हणून येते, आवाजही जास्त होतो आणि हरीण आवाजानेच दबकून खाली बसतं. फारच हलका घेतला तर धनुष्य मोडायचीही भीती. जड बाण हळू जातो आणि लांबवर जास्त खाली पडतो हे खरं, पण ही शिकार मुळात १५-२० यार्डांतली, तिथे स्पीडचा हट्ट कशाला असं माझं तरी मत आहे. डॉ. एड अ‍ॅशबी यांनी आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात मोठ्या जनावरांवर चाचण्या करून जाड हाडासाठी ६५० ग्रेनचा आकडा सांगितला, साध्या हरणाला एवढं लागत नाही.

खरी गोची स्पाइनची, म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याची. वजन वाढवायला पुढे जड पातं लावलं की तोच शाफ्ट मऊ वागायला लागतो, मग शाफ्ट थोडा कापा नाहीतर कडक घ्या. बघायची पद्धत सोपी, पिसं नसलेला बाण पिसंवाल्यांसोबत मारायचा, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो उजवीकडे गेला तर शाफ्ट मऊ, डावीकडे गेला तर कडक.