५३ सेकंदांचं विमान: खरं किती?

‘जगातलं सर्वात छोटं विमानोड्डाण ५३ सेकंदांचं’ हा फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी परत येतो. वाचणाऱ्याला वाटतं, रोजच ५३ सेकंद. तसं नाही.

हे उड्डाण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत, वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यात होतं. ५३ सेकंद हा एका फेरीचा विक्रम, तोही वारा अनुकूल असतानाचा. वेळापत्रकात २ मिनिटं धरलेली असतात. प्रत्यक्षात बहुधा दीड मिनिट. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून लांब, जवळपास साडेतीन किलोमीटर! हिशेब करा: ५३ सेकंदांत २.७ किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी १८३. २ मिनिटं लागली तर फक्त ८१. वारा फिरला की धावपट्टीची दिशा बदलते, वळसा पडतो आणि मिनिट सहज वाढतं.

विमानही जंबो नव्हे. आयलंडर: दोन पंखे, आठेक प्रवासी, पुढची सीट मिळाली तर पायलटच्या शेजारीच बसायचं. १९६७ पासून ही सेवा चालू आहे, आणि ती पर्यटकांच्या गमतीसाठी सुरू झालेली नाही. शंभराच्या आसपास वस्तीच्या पापा वेस्ट्रेला शिक्षक, डॉक्टर याच विमानाने येतात.