पर्यावरण संवर्धन आणि राष्ट्रीय सुरक्षा : भारतातील धोरण

देशाची जमीन, पाणी, जंगल आणि किनारा यांची निगा राखणे हा संरक्षणाचाच भाग आहे, असे मानणाऱ्या धोरणविचाराला पर्यावरणीय सुरक्षा म्हणतात. सैन्य ज्या भूमीवर उभे राहून सीमा राखते ती भूमीच खचली, वाहून गेली किंवा ओस पडली, तर सैन्याची ताकदही तेवढी घटते, हा या विचाराचा पाया. भारतात मात्र हे दोन विषय बहुतेक वेळा वादी-प्रतिवादी होऊन समोर येतात : रस्ता की जंगल, रडार की पक्षी. ही मांडणीच चुकीची आहे, हे हिमालयातील गेल्या काही वर्षांच्या घटनांवरून दिसते.

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातले रेणी हे गाव याचे बोलके उदाहरण आहे. १९६२ च्या युद्धानंतर या भागात सीमेकडे जाणारे रस्ते झाले आणि रस्त्यांमागोमाग लाकूडतोडीचे ठेकेदार आले. मार्च १९७४ मध्ये गौरादेवींच्या नेतृत्वाखाली रेणीच्या स्त्रियांनी झाडांना कवटाळून तोड थांबवली. चिपको आंदोलनातील हा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. त्याच गावाजवळ ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला प्रलय आला. वरच्या डोंगरावरून खडक आणि हिमाचा अवाढव्य कडा निखळला, आणि त्याच्या लोंढ्यात २०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. कडा कोसळणे निसर्गाचे होते. परंतु मृतांपैकी बहुतेक जण लोंढ्याच्या वाटेत उभारलेल्या दोन वीजप्रकल्पांवरचे कामगार होते, आणि प्रकल्प तिथे असणे हा माणसाचा निर्णय होता. त्याच लोंढ्यात जोशीमठ–मलारी रस्त्यावरचा पूलही गेला. नीती खोऱ्यातून चीनच्या सीमेकडे जाणारी वाहतूक या एका पुलावर अवलंबून होती. सीमा रस्ते संघटनेने मार्चच्या सुरुवातीला तिथे बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून झटपट उभा होणारा पूल) टाकेपर्यंत पलीकडची गावे तुटलेलीच होती.

जवळच्या जोशीमठाची कथा अधिक क्लेशदायक आहे, कारण तिथे इशारा फार आधी मिळाला होता. हे शहर जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे. तिथे जड बांधकाम करू नये, उतारावरचे मोठे दगड हलवू नयेत, सुरुंग लावू नयेत, असे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक घरांना तडे गेले. लष्कराच्या पंचवीसहून अधिक इमारतींनाही भेगा पडल्या आणि जवानांना तात्पुरते हलवावे लागले. सीमेवरील तुकड्यांना रसद जाते ते ठाणेच असे डळमळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले. तीस्ता-३ प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण उद्ध्वस्त झाले, लष्कराचे जवान आणि वाहने वाहून गेली, दारूगोळाही पुराबरोबर खाली गेला. या सरोवराचा धोका शास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत होते; पूर्वसूचना यंत्रणेचे काम नुकते सुरू झाले होते आणि ती पुरी होण्याआधीच सरोवर फुटले.

कायद्याची चौकट : १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८क अन्वये पर्यावरण व वने यांचे रक्षण हे राज्याचे, तर अनुच्छेद ५१क अन्वये नागरिकांचे कर्तव्य ठरले. वन (संवर्धन) अधिनियम १९८० चा, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ चा, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० चे. अलीकडे मात्र सुरक्षेच्या नावाखाली या चौकटीतून सवलती देण्याकडे कल आहे. जुलै २०२२ च्या अधिसूचनेने सीमेपासून १०० किमी.पर्यंतच्या सामरिक महामार्गांना पर्यावरण मंजुरीतून सूट मिळाली. २०२३ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातूनही तेवढ्याच पट्ट्यातील राष्ट्रीय महत्त्वाचे रेषीय प्रकल्प (रस्ते, लोहमार्ग यांसारखे लांबवर जाणारे) वगळले. शिवाय सुरक्षाविषयक बांधकामांसाठी १० हेक्टरपर्यंतची सूट दिली. नकाशावर १०० किमी.ची पट्टी ओढून पाहिली तर ईशान्य भारताचा बराचसा प्रदेश तिच्यात येतो. मिझोरम विधानसभेने ऑगस्ट २०२३ मध्ये या दुरुस्तीविरुद्ध ठराव केला, तो यामुळेच.

उत्तराखंडातील चार तीर्थस्थळांना जोडणाऱ्या आणि सीमेकडेही जाणाऱ्या चारधाम रस्त्याच्या प्रकरणात हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सुमारे ९०० किमी.चा हा प्रकल्प ५३ तुकड्यांत विभागला गेला, त्यामुळे एकत्रित पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाने निसर्गाची किती हानी होईल याचा आगाऊ अभ्यास) झालेच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने रस्त्याची रुंदी ५.५ मी. ठेवण्यास सांगितले होते. १४ डिसेंबर २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाची गरज मान्य करून १० मी.ला परवानगी दिली. सैन्याला किती रुंद रस्ता हवा हे न्यायालयाने ठरवू नये, हे खरेच. पण कोणता उतार किती कापला तर दरड येईल, हा प्रश्न भूशास्त्राचा आहे, आणि दरडीखाली बंद झालेल्या दहा मीटर रस्त्याचा सैन्याला काहीच उपयोग नसतो.

सुचवली जाणारी धोरणे : सर्वांत महत्त्वाची सूचना अभ्यासातून सूट देणे बंद करण्याची आहे. सामरिक प्रकल्पाचा तपशील जाहीर करता येत नाही, ही अडचण रास्त आहे. तिच्यावरचा उपाय गोपनीय मूल्यांकनाचा. भूशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, वन्यजीवतज्ज्ञ आणि सैन्याचे अभियंते यांची, गोपनीयतेची शपथ घेतलेली स्थायी समिती ठरलेल्या मुदतीत अहवाल देऊ शकते. गुपित राखायचे म्हणून उताराची तपासणीच न करण्यात कसलीही सुरक्षा नाही. सरसकट १०० किमी.ऐवजी प्रत्यक्ष गरज आणि भूरचना पाहून अंतर ठरवावे, आणि एका नदीखोऱ्यातले रस्ते, बोगदे, धरणे यांचा भार एकत्र मोजावा, या सूचना यालाच जोडून येतात. हिमसरोवरांसाठी केंद्राने २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, सिक्कीम आणि उत्तराखंड या चार राज्यांकरिता १५० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. तेथील इशारे जिल्हा प्रशासनाबरोबर नदीकाठच्या लष्करी तळांनाही त्याच क्षणी मिळाले पाहिजेत.

दुसरी सूचना माणसांविषयीची. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवरील घुसखोरांची पहिली खबर स्थानिक मेंढपाळांनी दिली. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर पश्मिना शेळ्या चारणारे कुटुंब हे सीमेवरचे वस्तीचे चिन्ह आहे. कुरण गेले की ते कुटुंब लेहला उतरते आणि दरी रिकामी होते. २०२३ पासूनच्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रमात उत्तर सीमेवरची ६६३ गावे पहिल्या टप्प्यात घेतली आहेत. रस्ता आणि वीज यांच्या जोडीला कुरणे व झरे यांची राखण त्यात हवी. देशाच्या आतही हेच लागू पडते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आले. नक्षलग्रस्त भागात जंगलावरचा हक्क मान्य होणे हे शांततेचे साधन आहे, हे या गावाने दाखवले.

किनारा व बेटे : अंदमान-निकोबारमध्ये हा प्रश्न अतिशय नाजूक आहे. नारकोंडम बेटावर तटरक्षक दलाच्या रडारला २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला, कारण नारकोंडम धनेश जगात फक्त या छोट्या बेटावर आढळतो. २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. ग्रेट निकोबारवरील बंदर, विमानतळ व नगराचा प्रकल्प कितीतरी मोठा आहे : खर्चाचा मूळ अंदाज सुमारे ७२,००० कोटी रुपये आणि सुमारे १३० चौ. किमी. वनजमीन. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळचे हे बेट नौदलाला हवे असणे समजण्यासारखे आहे. कॅम्पबेल बे येथे आयएनएस बाझ हा तळ २०१२ पासून आहेच. पण बंदर ज्या गॅलाथिया उपसागरात होणार तिथे महाकाय चामडी कासवे अंडी घालतात, बेटावर शोम्पेन हे आदिवासी लोक राहतात, आणि २००४ च्या त्सुनामीत बेटाचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, ४ मी.हून अधिक खचले. त्याच त्सुनामीत कार निकोबारच्या हवाई तळावर शंभराहून अधिक जवान व कुटुंबीय मृत्युमुखी पडले. म्हणून लष्करी गरज आणि व्यापारी नगर हे वेगळे करून तपासावेत, अशी सूचना केली जाते. तोडलेल्या वर्षावनाची भरपाई हरियाणात झाडे लावून करण्याची तरतूदही फेरविचाराची आहे. एक अधिवास दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

सैन्याचे योगदान : प्रादेशिक सेनेचे (टेरिटोरियल आर्मीचे) पहिले पर्यावरण दल, गढवाल रायफल्सशी संलग्न १२७ वी बटालियन, १ डिसेंबर १९८२ रोजी डेहराडून येथे उभे राहिले. चुनखडीच्या खाणींनी बोडक्या केलेल्या मसुरीच्या डोंगरांवर माजी सैनिकांनी पुन्हा जंगल वाढवले. मराठवाड्यातही महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी पर्यावरण बटालियन २०१७ पासून छत्रपती संभाजीनगर परिसरात झाडे लावते आणि जगवते. या दलांचा खर्च केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या वा राज्यांच्या निधीवर चालतो. तो कायम तरतुदीत आणून प्रत्येक हिमालयी राज्यात असे दल असावे, अशी मागणी आहे. संरक्षण खात्याकडे सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. तिच्यातील पोखरणच्या गोळीबार क्षेत्रात माळढोक अजून टिकून आहे, तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर तो आता क्वचितच दिसतो. अशा लष्करी क्षेत्रांची जैवविविधता नोंदवून सरावाचे वेळापत्रक पक्ष्यांच्या विणीच्या काळाशी जुळवणे, ही सर्वांत कमी खर्चाची सूचना आहे.